बिअरवर बांधलेलं घर

आमच्या मेव्हण्याचं घर बिअरवर उभं आहे. पाया काँक्रीटचा आहे, पण त्याला विचाराल तर तो बिअरच सांगेल. १९८४ साली लिंडसेने माझ्या धाकट्या बहिणीला, रॉझला, लग्न करून या माळावर आणलं, तंबूत ठेवलं आणि शनिवार-रविवार मित्रांना बोलावून हे घर बांधलं. विटा पाडलेल्या शाळेच्या, लाकूड मोडीत काढलेल्या रेल्वे पुलाचं, मजुरी शून्य. काम संपलं की भाजलेली सॉसेज आणि बिअरचं खोकं. सगळं मिळून एकतीस हजार डॉलर लागले. नवा माणूस भेटला की लिंडसे आधी हा आकडा सांगतो, नाव मागून.

घर चांगलं आहे, हे मी नाइलाजाने कबूल करते. मी शेजारच्याच कुंपणापलीकडे राहते, त्यामुळे चाळीस वर्षं ते बघण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. मागे टेकडीपर्यंत निलगिरीचं रान, पुढे व्हरांडा, आणि बैठकीच्या खोलीत मॉरीने रचलेलं दगडी धुराडं. मॉरी गवंडी होता, लिंडसेचा जिवलग. काही वर्षांपूर्वी तो गेला. आता तो त्याच धुराड्याच्या फळीवर एका चहाच्या डब्यात राहतो. त्याच्या बायकोनेच राख आणून दिली. म्हणाली, "जिवंत होता तेव्हा तरी घरी कुठे असायचा? ठेवा तुमच्याकडेच."

दरवर्षी विम्याचं नूतनीकरण आलं की या घरात भांडण ठरलेलं. घराचा विमा दोन लाखांचा. रॉझचं म्हणणं, वाढव. लिंडसेचं म्हणणं, कशाला?

"एकतीस हजारांचं घर," तो म्हणायचा, "दोन लाखांचा विमा. सहापटीपेक्षा जास्त झाला. त्याच्या वर पैसे भरणारा माणूस मूर्ख असतो."

"आणि हॅनाफर्ड?" रॉझ विचारायची.

टेकडीपलीकडच्या हॅनाफर्डांचं घर तीन उन्हाळ्यांपूर्वी वणव्यात गेलं. त्यांनी घर जितक्याला विकत घेतलं होतं, तितक्याचाच विमा ठेवलेला. ते बरोबरच वाटतं, नाही का? पण विकत घेण्याची किंमत वेगळी आणि पुन्हा उभं करण्याची वेगळी, हे त्यांना घर जळाल्यावर कळलं. आधी जळका मलबा उचलायचे पैसे. छपरात ॲस्बेस्टॉस निघालं, ते उचलायला अंतराळवीरांसारखे कपडे घातलेली माणसं आली, त्यांचे वेगळे. मग नकाशे, परवानग्या. मग नवे नियम: रानाच्या कडेला घर बांधायचं तर खिडक्यांना जाड काच, झरोक्यांना पोलादी जाळी, अमुक लाकूड चालणार नाही, तमुक रंग चालणार नाही. त्यात अख्खा जिल्हा जळालेला, त्यामुळे बांधकामवाले सांगतील तो भाव. काँक्रीटचा चौथरा झाला आणि विम्याची मर्यादा संपली. हॅनाफर्ड नवराबायको आता त्या चौथऱ्यावर कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, लावून राहतात. आमच्या अख्ख्या गिप्सलँड भागात इतक्या सपाट जागी उभी असलेली दुसरी कॅरॅव्हॅन नसेल.

"हॅनाफर्डला मित्र नाहीत," लिंडसे म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

या वर्षी रॉझने त्याला जबरदस्तीने फोनपाशी बसवलं. मी तिथेच होते, फुकटची करमणूक मी सोडत नाही. विमा कंपनीतली मुलगी गोड बोलत होती.

"सर, तुम्हाला तेव्हा किती खर्च आला ते नकोय मला. आज घर पूर्ण जळालं, तर मलबा हलवून पुन्हा तसंच उभं करायला किती लागतील?"

"बारा खोकी," लिंडसे म्हणाला.

"काय म्हणालात?"

"बिअरची. तेव्हा अकरा लागली होती. महागाई धरून बारा."

मुलीने ते बहुधा लिहून घेतलं. "आणि बांधणार कोण, सर?"

"मित्र. अजून कोण बांधतं घर?"

रॉझने त्याच्या हातातून फोन काढून घेतला, मुलीचे आभार मानले आणि ठेवून दिला. ती ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा मी खुर्ची जरा मागे सरकवते.

"लिंडसे," ती म्हणाली, "कोंबड्यांचं खुराडं पडलं वाऱ्यात. महिना झाला सहा कोंबड्या माझ्या कपडे धुवायच्या खोलीत राहताहेत. कालच्या टॉवेलांत अंडं निघालं. बोलाव तुझ्या मित्रांना. शनिवार-रविवारात खुराडं उभं राहिलं, तर विम्याचं नाव मी मरेपर्यंत काढणार नाही. नाही राहिलं, तर रक्कम मी ठरवणार आणि तू गपगुमान हप्ता भरणार."

"खुराडं?" लिंडसे हसला. "आम्ही घर बांधलंय, बाई."

"मग घोडामैदान जवळच आहे," रॉझ म्हणाली, आणि दोघांनी हात मिळवला.

शनिवारी सकाळी स्पड आला आणि डार्सी आला. घर बांधलं तेव्हा हे दोघं, लिंडसे आणि मॉरी, असे चौघं होते. स्पड सुतार. त्याला आता नजरेच्या मधोमधचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, त्यामुळे तो तुमच्याशी बोलताना तुमच्या कानाकडे बघतो. डार्सी प्लास्टरवाला. त्याचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. लिंडसेला स्वतःला गुडघा नवा बसवलाय, आणि तो त्याबद्दल लहान मूल सायकलबद्दल बोलतं तसं बोलतो. मॉरीचा डबाही बाहेर आणून व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला, कारण गणसंख्या पुरी व्हायला हवी.

चहापर्यंत त्यांनी फक्त एकमेकांना आपापली ऑपरेशनं सांगून काढली. मग डार्सीने पहार उचलली आणि खाली ठेवली. मग फळ्या मोजल्या. स्पडने मोजल्या त्या एका लांबीच्या, लिंडसेने मोजल्या त्या दुसऱ्या, आणि कापल्या त्या तिसऱ्याच. संध्याकाळी दोन खांब उभे होते, रस्त्यात भेटलेल्या दोन म्हाताऱ्यांसारखे एकमेकांकडे झुकलेले. बिअरचं खोकं तसंच होतं. डार्सीच्या गोळ्यांबरोबर बिअर चालत नाही आणि स्पडला रात्री सारखं उठावं लागतं. तिघांनी चहा घेतला.

"उद्या होईल," लिंडसे म्हणाला.

"उद्या नक्की," स्पड माझ्या कानाला म्हणाला.

रविवारी रॉझचा गावात बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाचा, सामना होता. ती सकाळीच गेली. नऊच्या सुमारास लिंडसेच्या फाटकातून शिड्या लादलेली एक पिकअप आत शिरली. तिच्यातून दोन तरणेबांड पोरं उतरली, पायांत नवे बूट, कमरेला हत्यारं. मी कुंपण ओलांडून गेले. या वयात मी कुंपणं ओलांडत नाही, पण प्रसंगच तसा होता.

लिंडसेने मला पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"ग्लेनिस, तिला सांगू नकोस."

"किती घेताहेत?"

"रविवारचा दर आहे. शिवाय सामान त्यांचं. शिवाय कोल्हा शिरू नये म्हणून जाळी जमिनीत पुरायची."

"लिंडसे, किती?"

"चार हजार चारशे."

मी लाकूड फोडायच्या ओंडक्यावर बसले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण हा मसाला कोंबडीच्या सात पिढ्यांना पुरला असता. "अरे, तेवढ्यात विम्याचा वाढीव हप्ता कितीतरी वर्षं भरता आला असता."

"हप्त्याचं नाहीये गं." तो त्या पोरांकडे बघत होता. एकाने खांब उचलून खड्ड्यात उभा केला, एका हाताने, दुसऱ्या हातात सँडविच. "काल स्पड हातोडा घेऊन उभा होता आणि मला विचारत होता, खिळा कुठाय. खिळा त्याच्या नाकासमोर होता. याने आमचं छप्पर चढवलंय, ग्लेनिस. आता त्या विम्याच्या पोरीला फोन करून काय सांगू? माझे मित्र संपले, तेवढी रक्कम वाढवा?"

मग त्याने हिवाळ्यासाठी एक गाडीभर सरपण द्यायचं कबूल केलं आणि मी गप्प राहायचं कबूल केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, वर सरपण फुकट.

संध्याकाळी रॉझ आली तेव्हा खुराडं उभं होतं. पक्कं, चौकोनी, दाराला कडी. स्पड आणि डार्सीला श्रेय घ्यायला बोलावून घेतलं होतं. दोघं सॉसेज खात आपल्या बुटांकडे बघत होते. रॉझ खुराड्याभोवती फिरली. तिने खांबाला धक्का देऊन पाहिला. दार उघडलं, लावलं.

"हरले मी," ती म्हणाली.

तिने स्पडशी हात मिळवला, डार्सीच्या गालाचा मुका घेतला. मी तिचा चेहरा पाहिला. ती खरोखर खूश झाली होती. हरून खूश झालेलं माणूस बघणं फार अवघड असतं. मी सॉसेज अर्धवट टाकून घरी आले.

रॉझने शब्द पाळला, विम्याचं नाव काढलं नाही. पुढल्या आठवड्यात बुधवारी पहाटे टेकडीमागच्या राखीव रानात वीज पडली आणि न्याहारीपर्यंत तिकडून धूर दिसायला लागला. थोड्या वेळाने लिंडसे माझ्या स्वयंपाकघरात आला. रॉझने ऐकू नये म्हणून फोन इथून करायचा होता.

"त्या खुराड्याचा मी हिशेब केला," तो म्हणाला. "माझं घर जेवढ्यात झालं, त्याच्या सातव्या हिश्शात कोंबड्यांचं घर झालं. आणि कोंबड्यांना स्वयंपाकघर नाही. न्हाणीघर नाही. धुराडं नाही."

मग त्याने फोन लावला. तीच मुलगी होती, पण आज गोडवा कमी होता, सकाळपासून तिला असेच फोन येत असणार. तुमच्या भागात आग चालू आहे, ती म्हणाली. अशा वेळी तीन दिवस नवा विमा देत नाही आणि जुन्याची रक्कम वाढवत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेल्यांना परत पाठवायचा हा नियम होता आणि खरं सांगायचं तर योग्य नियम होता.

लिंडसेने फोन ठेवला. "दोन लाखांत किती घर होईल?"

"हॅनाफर्डांएवढं," मी म्हणाले. मला गोड बोलता आलं असतं, पण मी बोलले नाही.

शुक्रवारी उत्तरेचा वारा सुटला, भट्टीचं दार उघडावं तसा. दुपारी फोनवर इशारा आला, निघा. रॉझने गाडीत फोटो घातले, आईचं शिवणयंत्र घातलं, कोंबड्या बटाट्याच्या क्रेटमध्ये कोंबल्या आणि मॉरीचा डबा मांडीवर घेतला. लिंडसे येणार नव्हता, तो घर राखायला थांबला. आम्ही फाटकातून बाहेर पडताना समोरून स्पडची बायको गाडी घेऊन आली. तिने स्पड आणि डार्सीला उतरवलं. दोघांच्या अंगावर ठिणग्या अडवायला लोकरीचे जुने कोट, आणि डार्सीच्या हातात टेनिसच्या चेंडूंची पिशवी.

"तू काय करणार रे तिथे?" मी काच खाली करून स्पडला विचारलं.

"पन्हळींच्या नळांत चेंडू कोंबायचे, पन्हळी पाण्याने भरायच्या," तो म्हणाला. "मग ठिणगी पडेल तिथे पाणी मारायचं. धूर झाला की सगळ्यांनाच माझ्याइतकं दिसतं."

गावच्या जत्रेच्या मैदानात आम्हाला तंबूत चहा दिला. आकाश तांब्याच्या भांड्यासारखं झालं होतं. घोडे, कुत्रे, माणसं, सगळी एकाच दिशेला बघत होती. रॉझ डबा धरून बसली होती.

"जीव वाचू देत," ती म्हणाली. "घराचं एवढं नाही वाटत मला. गेलं तर ते पुन्हा बांधतील. तू पाहिलंस ना खुराडं? मी उगीच इतकी वर्षं त्याच्या मागे लागले होते, ग्लेनिस."

मी चहाचा मोठा घोट घेतला. चहा फार गरम होता. त्या क्षणी मला लिंडसेची इतकी चीड आली की आगीने त्याला तेवढं धरून दोन थोबाडीत द्याव्यात आणि सोडावं असं वाटलं. माझ्या सरपणाचीही लाज वाटली.

अंधार पडायच्या आत वारा फिरून दक्षिणेचा झाला आणि आग आमच्या माळावरून सरकून ओढ्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला. वळणावर रॉझने माझा हात धरला. आधी धुराडं दिसलं, आणि मी मनात म्हटलं, धुराडं तर नेहमीच उरतं, हॅनाफर्डांचंही उरलं होतं. मग छप्पर दिसलं. मग व्हरांडा, आणि व्हरांड्यात आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला स्पड, हातात अजून पाण्याचा पाइप. लिंडसे पायरीवर बसला होता, भुवया जळलेल्या. डार्सी आतून म्हणाला की खांद्याच्या वर हात न नेताही माणूस ओली पोती भरपूर फेकू शकतो. पन्हळी काठोकाठ भरलेल्या होत्या. कुंपण अर्धं गेलं होतं.

आणि खुराडं गेलं होतं. आत नवा कोरडा पेंढा होता, एक ठिणगी पुरली. कडी तेवढी उरली.

सोमवारी, विम्याची बंदी उठून कार्यालय उघडल्याबरोबर, लिंडसेने बैठकीच्या खोलीतून, सगळ्यांसमोर फोन लावला. मोठ्या आवाजात, कारण फोनचा आवाज कसा कमी करायचा ते त्याला कळत नाही. स्पड आणि डार्सी पन्हळींतले चेंडू काढून आत आले होते. मॉरी परत फळीवर. रॉझ स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"सर, रक्कम वाढवण्याआधी विचारते, या आगीत काही नुकसान?"

"खुराडं गेलं."

"बांधायला किती खर्च आला होता?"

"दोन खोकी बिअर," आतून रॉझ हसत म्हणाली.

लिंडसे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. मुलीला वाटलं फोन तुटला, तिने दोनदा हॅलो म्हटलं.

"चार हजार चारशे," तो म्हणाला. "डॉलर. दोन माणसं आणली होती. भाड्याची."

रॉझ हातात फडकं घेऊन दारात आली. ती आधी लिंडसेकडे बघत राहिली, मग स्पडकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ.

"ठीक आहे, सर. आता घराचं. पूर्ण नव्याने बांधायचं झालं तर बांधणार कोण, मागे तुम्ही म्हणाला होतात..."

"अनोळखी माणसं," लिंडसे म्हणाला. त्याचा आवाज बसला होता, धुराने म्हणा हवं तर. "जी कोण मिळतील ती. पूर्ण दराने. मलबा उचलण्यापासून. ते नवे नियम, काचा, जाळ्या, सगळं धरून."

मग स्पड रिकाम्या खुर्चीच्या दिशेने म्हणाला, "बरं केलंस, लेका. मी तुझ्या जागी असतो तर मीही मला कामावर घेतलं नसतं."

डार्सी हसला, आणि मग सगळेच. रॉझ हसली नाही. ती आली, लिंडसेशेजारी बसली आणि फोन आपल्याकडे ओढला. तिच्याकडे आकडा तयार होता, कितीतरी वर्षांपासून असणार. तिने तो एका दमात सांगितला. लिंडसेने डोळे मिटले, पण तोंड उघडलं नाही.

"शेवटचं एक," मुलगी म्हणाली. "घरात काही खास बांधकाम आहे का? हाताने केलेलं वगैरे? ते पुन्हा तसंच हवं असेल तर रकमेत धरावं लागतं."

रॉझने लिंडसेकडे पाहिलं. तो फळीकडे बघत होता.

"एक दगडी धुराडं आहे," तो म्हणाला. "ते तसं पुन्हा होणार नाही. पण धरा."